आधी तुम्ही

गोपाळरावांनी हरायचं ठरवलं होतं, आणि ते वाटलं तितकं सोपं जात नव्हतं.

अंबाझरी तलावावर सेलिंग क्लबची वार्षिक शर्यत चालू होती. क्लबाच्या होड्या पाच. त्यांतल्या तीन पहिल्याच वळणावर एकमेकींच्या दोरांत अडकल्या आणि सभासद एकमेकांना इंग्रजीत दोष देऊ लागले. उरल्या दोन. एक पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क असलेल्या गोपाळरावांची. दुसरी काटोलला संत्र्याच्या बागा आणि शहरात सदरला बंगला असलेल्या मारोतरावांची.

गेली चार वर्षं कप गोपाळरावांकडे होता. चारही वर्षं मारोतराव दुसरे आले होते आणि दर वर्षी त्यानंतर महिनाभर त्यांनी बोलणं टाकलं होतं. यंदा ते परवडणारं नव्हतं. गेल्या रविवारी मारोतराव सहकुटुंब शामलाला बघून गेले होते. मुलगा भिलाईला इंजिनियर. हे सहावं स्थळ. सातव्यांदा सतरंजी झटकायची ताकद गोपाळरावांत राहिली नव्हती.

शामला होडीतच होती. दोन माणसांची होडी. सुकाणू आणि मोठं शीड बापाकडे, पुढचं शीड मुलीकडे. कॉलेजात असल्यापासून ती हे करत होती. बघायला येणाऱ्यांना हे सांगू नका, असं तिच्या आईने बजावलं होतं. पण मारोतरावांपासून लपवायचं कसं? चार वर्षं ते तिची पाठच बघत आले होते.

सकाळी काठावर मारोतरावांनी संत्र्यांची करंडी स्वतः उचलून आणून दिली.

"वहिनींना द्या. बागेतली आहेत."

"अहो, कशाला!"

"राहू द्या." मारोतरावांनी डोक्यावरची टोपी उगीच सारखी केली. "टपाल येऊन राहिलं ना तुमच्याकडे वेळेवर?"

गोपाळरावांनी शामलाकडे पाहिलं. टपाल तीच घ्यायची.

"काल लाइटचं बिल आलं," दोराची गाठ आवळत ती म्हणाली.

"असं का," म्हणून मारोतराव आपल्या होडीकडे गेले.

करंडी म्हणजे होकारच, असं गोपाळरावांनी धरलं. आशा तर आठवडाभर होतीच; काल दाढी करताना ते गुणगुणलेही होते. त्या घरात हे बऱ्याच वर्षांनी ऐकू आलं होतं.

सुरुवातीची शिट्टी झाली तेव्हा त्यांनी चष्मा पुसायला घेतला. स्वच्छ झाला तरी पुसत राहिले. वळणाच्या खुणेसाठी तरंगत ठेवलेल्या पहिल्या पिंपाला वळसा घालताना त्यांनी एवढी जागा सोडली की तिथून बैलगाडी गेली असती.

"बाबा, काय करून राहिलात?"

"वय झालं वं आता."

एवढं करूनही मारोतराव फारसे पुढे जाईनात. त्यांचा दिवाणजी लहानू पुढचं शीड सांभाळत होता. एरवी मारोतराव त्याच्यावर ओरडायचे ते पार बांधापर्यंत ऐकू यायचं. आज त्यांचा आवाजच नव्हता.

"मालक, वारा सुटून राहिला. ओढू का?" लहानूने विचारलं.

"बस गा चूप. कायची घाई आहे?"

शेवटच्या फेरीत दोन्ही होड्या शर्यत संपायच्या निशाणापासून वीसेक हातांवर शेजारी शेजारी आल्या आणि थांबल्या. दोघांनीही शिडं ढिली सोडली होती. ती धुण्यासारखी फडफडत होती. काठावरच्या लोकांना वाटलं, वारा पडला.

"या ना गोपाळराव, व्हा पुढे."

"छे छे, आधी तुम्ही."

"तुमचा मान आहे."

"मान तर तुमचा. आम्ही मुलीकडचे," असं गोपाळराव म्हणाले आणि आपण घाई केली की काय म्हणून जीभ चावली.

मारोतरावांनी पाण्याकडे पाहिलं.

मग शामलाने पुढचं शीड ओढून धरलं, मागे वळून बापाच्या हातातला दोरही ओढला, आणि होडी निशाण ओलांडून गेली. टाळ्या पडल्या.

गोपाळरावांनी सुकाणू सोडलं. "कायले केलंस हे? काहून?"

"थकले बाबा मी. तुम्ही दोघं तिथंच बसून राहिले असते संध्याकाळपर्यंत."

काठावर मारोतरावांनी गोपाळरावांचा हात दोन्ही हातांत धरला आणि गरजेपेक्षा जास्त वेळ धरून ठेवला. चेहऱ्यावर राग नव्हता. हरलेला माणूस इतका हलका झालेला गोपाळरावांनी पाहिला नव्हता. ते मात्र कप हातात घेऊन पाचव्यांदा तेच भाषण करताना घामाघूम झाले.

परत जाताना सायकलच्या हँडलला करंडी आणि कॅरियरवर कप होता. गोपाळराव सायकल ढकलत चालले होते, शामला शेजारून.

"एक वर्ष त्यांना दिला असता कप, तर काय बिघडत होतं? आता ते महिनाभर बोलणार नाहीत. तुझ्या बाबतीत तर..." त्यांनी हँडलची करंडी सारखी केली. "आज संध्याकाळीच जातो सदरला. माफी मागतो."

"जाऊ नका बाबा."

"काहून?"

शामला थांबली. तिने पिशवीतून चार घड्या घातलेलं आंतरदेशीय पत्र काढलं. ते आधीच फोडलेलं होतं. वर शनिवारचा शिक्का होता.

"काल आलं. तुम्ही गुणगुणत होते, म्हणून दिलं नाही."

गोपाळरावांनी सायकल कंबरेला टेकवली आणि चष्मा वर केला. अक्षर मारोतरावांचं होतं. दोन्ही पत्रिका जुळत नाहीत, नाइलाज आहे, आपला स्नेह आहे तसाच राहावा, वगैरे होतं. खाली सहीनंतर, जरा बारीक अक्षरात, आणखी एक ओळ होती:

"ता. क. रविवारची शर्यत आपणच जिंकाल, एवढी काळजी मी घेईन."