पाहुण्यांचं गाऱ्हाणं

पुण्याहून आलेले दोन बाप्ये आचऱ्यात माझ्याकडे खोली घेऊन राहिले. पहिल्या जेवणालाच एकाने दुसऱ्याच्या ताटातल्या पेडव्याचे काटे काढून दिले, तेव्हाच ओळखलं, हा संसार आहे. माझ्या नवऱ्याने जन्मात काढले नाहीत. मी दोघांना बजावलं, "खोलयेत कशेय रवा. भायर हात धरू नकात. कोणी इचारल्यान तर मैतर म्हणान सांगा. गावाक कळला तर माका तुमका ठेवूक जमाचा नाय." दुसऱ्या दिवशी त्यांना देवळात नेलं. त्यांच्यासाठी देवाला गाऱ्हाणं घालण्याआधी गुरवाने विचारलं, "काकी, हे एकमेकांचे कोण?" सगळं देऊळ माझ्या तोंडाकडे बघत होतं. एकजण "मैतर" पुटपुटला. पण देवापुढे खोटं बोलायला मी काय पुढारी आहे? सांगितलं, "जोडपा आसा." गुरवाने डोळे मिटून सुरू केलं, "बा म्हाराजा, ह्या जोडप्याक सुखी ठेव." अख्खा गाव सवयीने बोलला, "व्हय म्हाराजा."