पाचवी वायर

शहागंजातल्या कापडदुकानात वासिफनं चारच कॅमेरे बसवले होते. कॅमेऱ्याला वीजही नेटवर्कच्याच वायरीतून जायची. आज मात्र वायरी जोडायच्या पेटीवर पाचवा दिवा लुकलुकत होता.

"हा कुणाला विचारून लावला?" इंद्रजीतशेठ गुरकावले.

"मी नाय लावला, शेठ."

पाचवी वायर भिंतीत शिरली होती. वासिफ प्रत्येक वायरीवर जागेचं नाव चिकटवायचा. गल्ला, जिना, गोदाम, दार. हिच्यावरही त्याच्याच अक्षरातली चिठ्ठी होती. वासिफ.

"उपट ती."

त्यानं चिडून हिसकली. दिवा विझला.

शेठ थेट त्याच्याकडं बघत होते, पण नजर आरपार जात होती. "पळाला हरामखोर."

वासिफनं हाक मारली. आवाज फुटला नाही. वायर परत खोचायला तो वाकला, तोवर शेठनी कापडाची कात्री उचलून त्याच वायरीला लावली होती.