पाण्याची पाळी

"मल्हारी, पाणी माझ्या उसाकडं वळव. बारा वाजले," ईश्वरअप्पा विहिरीवर येऊन म्हणाले. हातात साखळीचं नवं घड्याळ होतं.

मोट हाकणाऱ्या मल्हारीनं मान वळवून पाहिलं. भावांची वाटणी झाली तेव्हा विहीर, मोट, बैल आणि मल्हारी दोन्ही घरांत सामाईक राहिले होते. सूर्य उगवल्यापासून भर दुपारी लिंबाची सावली मोट रिती होते त्या थारोळ्याला टेकेपर्यंत पाणी धाकट्याच्या विधवेचं, नीलम्माचं. तिथून दिवस मावळेपर्यंत थोरल्या ईश्वरअप्पांचं.

"सावली टेकली न्हाई अजून, मालक."

"सावलीचं काय घिऊन बसलास? लढाईपायी सरकारनं घड्याळ तासभर पुढं केलंय. गंगाखेडच्या ठेसनात बघून लावलंय मी."

नीलम्मा मिरचीला पाणी देत होती. तीन वाफे राहिले होते. आश्विनाच्या उन्हात रोपांनी माना टाकल्या होत्या, आणि या मिरचीवरच तिचं आणि दोन पोरींचं वर्ष निघायचं होतं. थोरल्या दिराशी ती थेट बोलत नसे. तिनं पदर पुढं ओढला.

"मल्हारीदादा, भावजींना म्हणावं, ह्या तीन वाफ्यांला आठ दिसांत पाणी न्हाई. मरायलेत."

"हुकूम माझा न्हाई, सरकारचा हाय."

सत्तेपुढं शहाणपण चालत नाही, आणि इथं तर ती खिशात घालूनच आणलेली. नीलम्मानं फावडं टाकलं. पाणी ईश्वरअप्पांच्या उसात गेलं.

संध्याकाळी ती पुन्हा बांधावर आली. दिवस अजून कासराभर वर होता, मोट चालू होती.

"मल्हारीदादा, घड्याळात किती झाले, इचारा."

"सव्वासहा," ईश्वरअप्पा बोलून गेले.

"दुपारचे बारा घड्याळाचे, तर दिवस मावळायचे सहाबी घड्याळाचेच. मग सहालाच सरली की त्येंची पाळी."

"कशी सरली? दिवस वर हाय, दिसंना का?"

"दिसायलाय. त्येंना इचारा दादा, दुपारी ह्यो दिवस कुठं गेला हुता?"

मल्हारी दोघांच्या मधोमध उभा होता. दोन्ही घरांचं मीठ त्यानं खाल्लं होतं. भरली मोट वर येऊन रिती झाली. मल्हारीनं बैल सोडले नाहीत. तो नीलम्माकडं वळला.

"अक्का, पाट फोडा तुमचा. दिवस हाय तवर हाकतो मी."