वगळलेली नोंद

"नऊ हजारांतली ही एकच नोंद का वगळलीस?" मुलाखत घेणाऱ्या तिघांतल्या बाईंनी पडद्याकडे बोट केलं.

मुलगी याच प्रश्नाची वाट बघत होती. पंचवीस वर्षांच्या वह्या, दिवसाला एक आकडा. सकाळी सात वाजता धक्क्याच्या टोकाला समुद्राचं पाणी किती गरम, एवढंच. ते सगळे आकडे तिने चार महिने डोळे फोडून संगणकात भरले होते. सगळे एकाच हातचे, टपोऱ्या गोल अक्षरातले. फक्त एका दिवशीचा आकडा तिरपागडा होता. सत्तावीस पॉइंट चार.

"अक्षर वेगळं आहे. त्या दिवशी वादळ होतं. आणि नोंद घेणारी बाई दवाखान्यात होती," ती म्हणाली. "हे मला पक्कं माहीत आहे, कारण त्या दिवशी मी जन्मले."

तिघंही हसले. मग ती नोंद घेणारी बाई म्हणजे आपली आई, हे तिने सांगून टाकलं. आईला सगळी वस्ती थर्मामीटरबाई म्हणते, कुणाला ताप आला की आधी तिच्याकडे धाडते, हेही सांगितलं. तो दिवस सोडला तर एक दिवस रजा नाही. पाणी काढायच्या बादलीचा दोरसुद्धा मुलगी झाली त्या वर्षी एकदा बदलला, त्यानंतर आजवर तोच. "संशोधन केंद्राची वस्तू जपून वापरावी, असं म्हणते," मुलगी म्हणाली आणि तिघं पुन्हा हसले. वडील त्याच वादळात गेले, होडी सोडवायला उतरले होते, हे मात्र तिने सांगितलं नाही. ते संशोधनात बसत नव्हतं.

तिघांतल्या सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सगळीकडे पाणी तापतंय, प्रवाळ पांढरं पडून मरतंय. आणि आपल्या खाडीत पंचवीस वर्षांत पारा जागचा हलला नाही. हे असं का, ते तू शोधायचं. पीएचडीला याहून चांगला विषय मला तरी सुचत नाही." एका जागेसाठी एक्केचाळीस जण आले होते. बाकीचे चाळीस बाहेर बाकावर नखं खात बसले होते.

"पुढच्या महिन्यात पाण्यात यंत्र सोडू," सर म्हणाले. "आणि बाहेरचं मरणाला टेकलेलं प्रवाळ इथे आणून लावू. पेशंटला थंड हवेला नेतात ना, तसं. तुझ्या आईच्या वह्यांनी ते वाचणार बघ."

मुलगी संशोधन केंद्रामागच्या क्वार्टरकडे अक्षरशः पळत सुटली. आई स्वयंपाकघरात कपडे घड्या करत होती. बादली नेहमीसारखी दाराशी पालथी, तिच्यावर दोराचं वेटोळं.

"आई, झालं! मलाच मिळालं!"

आईने हातातला टॉवेल टाकला आणि तिला कुशीत ओढलं. रडू आवरेना बाईला. बापाविना पोर वाढवलेली, आयुष्यात एवढा एकच दिवस बघायचा होता तिला.

"तुझ्या वह्यांनी मिळालं," मुलगी तिच्या खांद्यावरच म्हणाली.

आईचे हात थांबले. "माझ्या? तू तर माशांवर करणार होतीस."

"तुला चकित करायचं होतं ना! ऑफिसने कपाटातून सगळ्या वह्या काढून दिल्या. अगं, पंचवीस वर्षं पाणी तापलंच नाही म्हणून सगळे तोंडात बोटं घालून बघतायत. आता यंत्र सोडणार आहेत, प्रवाळ आणणार आहेत..."

"नको म्हणून सांग त्यांना."

"काय?"

"ती पीएचडी नको म्हणून सांग. आजच्या आज."

"डोकं फिरलंय का तुझं?" मुलगी चिडलीच. मग तिला वाटलं, आईला धाक बसला असेल साहेबलोकांचा. बिचारी दहावी नापास. "अगं, घाबरतेस कशाला? सगळं तपासून झालंय. एकच नोंद खोटी निघाली, मी झाले त्या दिवशीची. तू नव्हतीस म्हणून कुणीतरी ठोकून दिलेला आकडा. तो मी उडवला."

आई भिंतीला धरून खाली बसली.

"कुणीतरी नाही. तुझे बाबा."

मुलगी तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"नोकरी नवीन होती. एक दिवस चुकला तर काढतील, असं वाटायचं मला. कळा सुरू होत्या आणि मी यांच्यामागे लागले, जा, तेवढी नोंद घेऊन या. बिचारे गेले. धक्क्यावरच्या शेडमध्ये येऊन वहीत आकडाही लिहिला. मग टोकाला राहिलेली बादली आणायला परत गेले." आईने पदराने तोंड पुसलं. "होडीचं मीच सांगितलं सगळ्यांना. मी पाठवलं, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

"आई..."

"त्यानंतर त्या टोकाला माझं पाऊल पडलं नाही गं. दवाखान्यातले दिवसही मागाहून अंदाजानेच भरले. रोज सातला शेडमध्ये जाते. आदल्या वर्षीची वही उघडते, त्यातलंच थोडं इकडचं तिकडे करून लिहिते. कोण बघतंय, म्हटलं. पाणी काय, पाणीच."

दाराशी बादलीवर चोवीस वर्षांचा कोराकरकरीत दोर होता. मुलीने तो हातात घेतला, परत ठेवला.

"तू उडवलास ना," आई म्हणाली, "तोच शेवटचा खरा आकडा होता."