मिटलं आमचं

बसा जरा, घाई कसली? एका वकिलाची गोष्ट सांगतो. बुडाला बिचारा. का बुडाला, तर दोन भावांचं भांडण मिटलं म्हणून! हसू नका, आधी ऐका तर खरं.

दुपारची वेळ. वकील ऑफिसात डबा खाऊन हात पुसत होता. जिन्यावर पावलं वाजली, पाठोपाठ हसण्याचा आवाज आला. आवाज दोन, आणि दोन्ही ओळखीचे. त्याचा रुमाल हातातल्या हातात राहिला.

थोरला मंगळवारी यायचा, धाकटा शुक्रवारी. जिन्यावरसुद्धा गाठ पडू नये म्हणून वकिलानंच तसे वार वाटून दिले होते. बापाचं घर विकलं होतं, वाटणीवरून बिनसलं होतं, आणि भांडण मिटेपर्यंत पैसे वकिलाकडे ठेवायचे ठरलं होतं.

आज दोघं एकदम दारात. धाकट्याचा हात थोरल्याच्या खांद्यावर.

"मिटलं आमचं, साहेब," थोरला खुर्ची ओढत म्हणाला. "दवाखान्याच्या बाकावर मिटलं. ह्याच्या बायकोच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, थांबू नका. माझा हिस्सापण ह्यालाच द्या. आमचं आम्ही मागनं बघू."

"दादा रडला, साहेब. एवढा मोठ्यानं की नर्स धावत आली."

"गप रे. डोळ्यात धूळ गेली होती."

"दवाखान्यात? धूळ?"

वकीलही हसला. हसावंच लागलं. पैसे होतेच कुठे द्यायला? पहिल्यांदा काढले ते मुलाच्या फीसाठी, आठ दिवसांत परत ठेवतो म्हणून. विचारणारं कोणी नव्हतं. मग हाताला सवय लागली. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसलीच गत. दोघं भांडत होते तोवर ह्याच्या केसाला धक्का नव्हता, म्हणून हा त्या भांडणात तेल ओतत राहिला. खोटं मात्र कधी बोलला नाही हं. फक्त म्हणायचा, "तुमचा भाऊ काय म्हणाला ते मी सांगणार नाही. ऐकलंत तर झोप लागायची नाही." बस्स. पुढचं काम ज्याचं त्याचं डोकं करायचं.

"घाई करू नका," वकील सवयीनं म्हणाला. "विचार करा. माणसाचं मन फिरतं नंतर."

"नाही फिरत आता," धाकटा म्हणाला. "पण एक करा, साहेब. दादा माझ्याबद्दल जे काय बोलला होता ना, ते आज सांगून टाका. माफ केलंय मी. पण एकदा ऐकायचंय."

थोरला गर्रकन वळला. "मी? मी काय बोललो?"

"ते तुलाच ठाऊक. साहेब सांगेनात. म्हणाले, झोप लागायची नाही."

"अरे, मला तर तू बोललास म्हणून सांगितलं! असंच. झोप लागायची नाही म्हणून."

दोघं वकिलाकडे बघायला लागले. रागानं नाही. गणित अडलेली पोरं मास्तरांकडे बघतात ना, तसं.

"सांगा की साहेब," थोरला म्हणाला. "आता दोघं समोर आहोत."

कोर्टात तासन्‌तास बोलणारा माणूस. खाली बघून एवढंच म्हणाला, "कुणीच काही बोललं नव्हतं." मग म्हणाला, "आणि पैसे पण नाहीत. मी खाल्ले."

धाकटा ताडकन उठला. मारतोय आता, असं वकिलाला वाटलं. मारलं असतं तर बरंच झालं असतं. पण धाकटा वळला भावाकडे.

"हा वकील तू आणलास, दादा. मोठा ओळखीचा म्हणून!"

"आणि दर शुक्रवारी कान भरून घ्यायला कोण येत होतं? मी?"

"मग मंगळवारी तू काय भजन करत होतास इथं?"

आवाज चढले. इतकी वर्षं वकिलाला हेच तर हवं होतं. दोघं एकमेकांवर गेले, की पैशाचं कुणाला आठवायचं नाही. आत्ताही त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि दार उघडं होतं.

वकील उठला. दाराकडे नाही गेला. टेबलाला वळसा घालून दोघांच्या मधे येऊन उभा राहिला.

"भांडू नका," म्हणाला. "पाया पडतो तुमच्या. चोर मी आहे. चला, तिघंही पोलीस ठाण्यात जाऊ. तक्रारीवर दोघांनी मिळून सही करा. एकट्यानं कुणी करू नका. एकटा असला की माझ्यासारखा कुणीतरी त्याला फोडतो. हा शेवटचा सल्ला. फी नको."

थोरला धाकट्याला म्हणाला, "चल. चप्पल घाल."

ऑपरेशन झालं. थोरल्यानं आपला टेम्पो विकला आणि केलं. वकिलाची सनद गेली. खटला उभा राहिलाय, पण त्याची बाजू घ्यायला कोर्टातला एक माणूस तयार नाही. रोज शेजारी बसून डबा खाणारे आता त्याची बायको मदत मागायला आलेली दिसली की फोन कानाला लावतात. तारखेला तो स्वतःच उठतो आणि दुसऱ्या वाक्याला अडखळतो.

तुमच्या ओळखीत कुणी भला वकील असेल तर तेवढं सांगा. फी थोडी थोडी करून मिळेल. कोण देणार म्हणाल, तर थोरला. परवा तोच विचारत आला होता. धाकट्याच्या कानावर मात्र यातलं काही घालू नका.