नसलेला डबा

“आई, तू फक्त आराम कर,” म्हणत मुलाने वर्षभर तिला इकडची काडी तिकडे करू दिली नाही, एवढी माया उतू चाललेली! ती स्वयंपाकघरात गेली रे गेली, की हातातला डबा काढून घ्यायचा आणि तिला खुर्चीत आणून बसवायचा. हळूहळू तिच्या अंगातलं बळ गेलं, बोलणंही आटलं. दिवसभर नुसती भिंतीकडे बघत बसायची. शेवटी डॉक्टरांनी व्यायाम करून घ्यायला एक बाई पाठवल्या.

“आजी, समजा वरच्या फळीवर डबा आहे. उठा, काढा बघू!”

ती लटपटत उठली आणि हात उंचावून तिने तो नसलेला डबा काढला. “शाबास, आई!” म्हणत मुलगा पुढे धावला.



तिने डबा छातीशी आवळला आणि कडाडली, “खबरदार, हा हातातून घेतलास तर!”