उंबऱ्यातली तपासणी

सावद्याचे केळीचे व्यापारी प्रेमराजनाना रोज संध्याकाळी उंबऱ्यातच आ करून उभे राहत आणि पत्नी कोकिळाबाई त्यांचं तोंड हुंगत. नाना दारू प्यायला लागले, असं गल्लीनं ठरवून टाकलं. भानगड निराळीच होती. बीपीची गोळी सुरू झाल्यापासून आधीच जाडजूड नानांचं वजन आणि साखर वाढतच चालली होती; ते बाहेर चोरून गोड खातात, असा कोकिळाबाईंना संशय होता. त्या म्हणत, “केळाचा वास येऊ राहिला.” “अवं, दिवसभर केळीच हाताळतो, दुसरा कशाचा येईल? कळण्याच्या अर्ध्या भाकरीवर जगू राहिलो!” “मग साखर काय हवा खाऊन वाढली?” मेल्यावरही ही तोंड हुंगेल, असं वाटून नाना रडकुंडीला आले. अखेर जळगावच्या डॉक्टरांनी दोघांसमोर सांगितलं, “या गोळीनं काहींची साखर वाढते, वजनही. बंद नका करू, बदलतो.” परतल्यावर नानांनी सवयीनं उंबऱ्यात आ केला. कोकिळाबाईंनी डोळे पुसत त्यांचं तोंड हळूच मिटलं.